अण्णांची पत्र्याची पेटी आणि तुमच्या घरातली: रेल्वेच्या जुन्या वस्तू जपण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, १९६१ ते १९९७ अशी ३६ वर्षं रेल्वेत होते, सोलापूर डिव्हिजनला, आधी ट्रेन्स क्लार्क आणि नंतरची बावीस वर्षं गार्ड. ते गेल्यावर माळ्यावरून त्यांची काळी लाइन बॉक्स, म्हणजे ड्युटीवर न्यायची पत्र्याची पेटी, खाली काढली, पांढऱ्या रंगात नाव आणि हेडक्वार्टर लिहिलेली, आणि त्यात एवढं काही निघालं की मी ते नीट लावायला लागले ते अजून लावतेच आहे. तेव्हापासून कॉलनीतले जुने लोक, त्यांची मुलं, नातेवाईकांच्या ओळखीतले कोण कोण फोन करून तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मी काही म्युझियमवाली नाही, बऱ्याच गोष्टी बिघडवून शिकले आहे.

घरात अशी पेटी सापडली, पहिल्यांदा काय करू?

काही करू नका. खरंच. फडकं घेऊ नका, पुसू नका, लावालावी करू नका. पेटी आहे तशी उघडून वरून फोटो काढा, मग एक थर बाहेर काढला की परत फोटो, असं तळापर्यंत. कुठल्या पाकिटात काय होतं, कशाला कशाची दोरी बांधलेली होती, हे सगळं त्या माणसाने लावलेलं असतं आणि एकदा मोडलं की परत मिळत नाही.

मी काय केलं ते सांगते. अण्णांच्या दोन डायऱ्या होत्या, आणि पानांमध्ये मधेमधे पुठ्ठ्याची तिकिटं खोचलेली. मला वाटलं डायरी फुगते आहे, तिकिटं वेगळी ठेवू, म्हणून सगळी काढून छान गठ्ठा केला, स्टेशनप्रमाणे लावला आणि स्वतःवरच खूश झाले. महिन्याभराने डायरी वाचायला घेतली तर एका पानावर लिहिलेलं, "हे तिकीट त्या म्हातारीचं, परत घ्यायला आलीच नाही." कुठलं तिकीट? चाळीसमधलं कुठलंही असेल. आता ते वाक्य आहे आणि चाळीस तिकिटं आहेत, जोडणारं काहीच नाही. म्हणून सांगते, आधी फोटो.

पेटीत चपट्या गोल डब्या आहेत, बाजूला मऊ पट्ट्या आहेत, हे काय?

हात लावू नका आणि पुढचं नीट वाचा. ते डिटोनेटर असू शकतात, आपल्याकडे त्यांना पटाखे किंवा फॉग सिग्नल म्हणायचे. धुक्यात सिग्नल जवळ आलाय हे ड्रायव्हरला कळावं म्हणून, किंवा गाडी मधेच उभी राहिली तर मागून येणाऱ्या गाडीला सावध करायला, हे रुळावर ठेवून त्या पट्ट्या रुळाला आवळायच्या, चाक वरून गेलं की मोठा आवाज होतो. म्हणजे आत स्फोटक आहे. गार्डच्या सामानात हे असायचेच. त्यांना ठरलेली मुदत असते, पण मुदत संपली म्हणजे ते मेले असं अजिबात नाही, उलट जुना गंजलेला जास्त बेभरवशाचा.

उघडून बघू नका, ठोकू नका, पाण्यात टाकू नका, स्कूटरच्या डिकीत घालून स्टेशनवर "परत द्यायला" तर मुळीच नेऊ नका. खोलीतून पोरांना बाहेर काढा, दार लावा आणि ११२ ला फोन करून सांगा की रेल्वेचे जुने डिटोनेटर सापडलेत. लाजण्यासारखं काही नाही, रिटायर झालेल्या माणसाच्या पेटीत चुकून राहिलेला एखादा निघू शकतो. बाकी सगळ्या प्रश्नांना घाई नाही, याला आहे.

या वस्तू घरी ठेवणं गुन्हा आहे का?

सगळ्यात जास्त घाबरत घाबरत विचारला जाणारा प्रश्न. रेल्वे प्रॉपर्टी (अनलॉफुल पझेशन) ॲक्ट नावाचा १९६६ चा कायदा आहे, आणि त्याचा मुद्दा असा की रेल्वेची वस्तू चोरीची किंवा बेकायदा मिळवलेली असावी असा सबळ संशय आला तर ती कायदेशीर मार्गाने आली हे ज्याच्याकडे सापडली त्याला दाखवावं लागतं. पहिल्या गुन्ह्याला ५ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. म्हणजे कायदा कडक आहे, पण म्हणून वडिलांची शिट्टी, बॅज, डायऱ्या, पगाराच्या स्लिपा, फेअरवेलचा फोटो घेऊन रात्री नदीवर जाऊ नका. स्वतःचे कागद, विकत घेतलेली पुस्तकं, निरोप समारंभात मिळालेली भेट हे त्यांचंच. रेल्वे वर्षानुवर्षं स्क्रॅपचा लिलाव करत आली आहे, त्यातून रीतसर घेतलेल्या वस्तूही ठीक, फक्त पावती जपा. ती पावती वस्तूपेक्षा मोलाची आहे.

अडचण येते ती कामाच्या वस्तूंची, सगळ्यात जास्त टोकनची. सिंगल लाइनवर पुढच्या स्टेशनपर्यंत जायची ड्रायव्हरला परवानगी म्हणजे तो लोखंडी गोळा, त्यावर सेक्शनचं नाव कोरलेलं, आणि तो नील्सच्या मशीनमधून (स्टेशनवरच्या टोकन ठेवायच्या यंत्रातून) पुढच्या स्टेशनची संमती आल्याशिवाय निघतच नाही. पिशवीत घालून वेताच्या मोठ्या कडीला अडकवून चालत्या गाडीत द्यायचे-घ्यायचे, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना ते विसरता येत नाही. त्यातला एक गोळा जरी कमी झाला तर हिशेब लागत नाही आणि चौकशी बसते, म्हणून असा गोळा घरात निघाला तर तो कसा आला हे घरातल्या मोठ्यांना विचारा, आणि काहीच कळलं नाही तर एखाद्या वकिलाशी बोलून मग डीआरएम ऑफिसला (डिव्हिजनच्या मुख्य साहेबांच्या ऑफिसला) पत्र देऊन विचारा. विकायला काढू नका.

वडील हयात आहेत, त्यांना काय विचारू? विचारलं की "काय आठवणार आता" म्हणतात.

कारण तुम्ही "बाबा, रेल्वेच्या आठवणी सांगा ना" असं विचारताय. एवढ्या मोठ्या प्रश्नाला कोण काय उत्तर देणार! वस्तू हातात द्या आणि बारीक विचारा. ही झेंडी कुठल्या हातात धरायची? बत्ती काखेत ठेवायचात की खाली? ड्युटीचं बोलावणं घेऊन कॉल बॉय रात्री दोनला आला की दार कोण उघडायचं? रनिंग रूममध्ये (बाहेरगावी गाडीवरच्या लोकांच्या मुक्कामाच्या खोलीत) स्वयंपाक कसा असायचा? एकदा वस्तू हातात आली की हातालाच आठवतं, मग तोंड सुरू होतं. मोबाइल समोर न धरता बाजूला ठेवून रेकॉर्ड करा, आणि आईलाही बसवा. आमच्या आईला अण्णांपेक्षा जास्त आठवतं, कारण ड्युटी त्यांची आणि घड्याळ तिचं. कुठल्या लिंकला, म्हणजे ठरलेल्या ड्युटीला, डबा किती वाजता लागायचा यावरून तिने मला तीन गाड्यांचे नंबर सांगितले.

ते गेले असतील तर त्यांच्या बॅचचे लोक शोधा. पेन्शनर लोकांच्या बैठका होतात, तिथे वस्तूचा फोटो घेऊन जा. पण लवकर जा.

आणि ऐकलेलं लगेच लिहा: वस्तू काय, कुठे वापरली, साधारण कुठल्या साली, कोणी सांगितलं. माझ्या मते जपणं म्हणजे तीन चतुर्थांश हेच आहे. एक तिरंगी हातबत्ती भंगाराच्या दुकानातही मिळेल, पण ही बत्ती अमुक रात्री अमुक घाटात विझली होती असं ज्याच्याबरोबर लिहिलेलं आहे ती एकच.

पितळेचे बॅज, बटणं, शिट्ट्या चकचकीत करून ठेवू का?

नका करू. देवाची भांडी वेगळी, ही वेगळी. चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर, पॉलिशची बाटली, सगळ्यांनी वरचा थर जातो आणि त्याच्याबरोबर कोरलेली अक्षरं पण घासली जातात. बॅजवरचा नंबर आज वाचता येतोय तो दहा दिवाळ्यांनंतर येणार नाही. शिवाय पावडर अक्षरांच्या खाचांत अडकून पांढरी राहते ती वेगळीच. मऊ कोरडा ब्रश, हवं तर मऊ सुती कापड, बस. हिरवी पावडर धरत असेल तर ती कोरड्या बांबूच्या काडीने हलकेच काढा आणि वस्तू कोरड्या जागी हलवा. हात लावताना हातमोजे घाला, कारण घामातल्या मिठाचे बोटांचे ठसे पितळेवर कायमचे उठतात, आमच्या शिट्टीवर एका पाहुण्याचा अंगठा आहे.

शिशाचं सील, म्हणजे पार्सल किंवा वॅगनला लावायचे ते गोळे असतील तर लाकडी खोक्यात ठेवू नका. लाकडातून, त्यात सागवान-ओक आणि प्लायवूड सगळंच आलं, आंबट वाफा निघतात आणि शिशावर पांढरी भुकटी येते. ती भुकटी विषारी असते, हात धुवा.

हातबत्ती परत पेटवून बघू का?

मला माहीतच होतं हे विचारणार! नका. आत जुनं रॉकेल असेल तर ते ओतून काढा, वात काढून वेगळी पाकिटात ठेवा, टाकू नका. रंग उडालेला असेल तर घासून नवा लावू नका, जुन्या रंगात शिसं असतं आणि ती धूळ नाकात गेलेली चांगली नाही.

काचेची एक गंमत मात्र बघाच. बत्तीची हिरवी काच दिवसा हातात घेतली तर ती हिरवी नसतेच, चांगली निळसर दिसते. मी कितीतरी दिवस समजत होते की कोणीतरी चुकीची काच बसवली. रॉकेलची ज्योत पिवळी असते, आणि पिवळा उजेड निळसर काचेतून आला की बाहेर हिरवा दिसतो. मग अशा बत्तीत कोणी पांढरा एलईडी बसवला की ती निळी दिसायला लागते आणि सगळे म्हणतात काच बदललेली आहे. काच बदलू नका.

पुठ्ठ्याची तिकिटं आणि कागद, यांची साल कशी ओळखायची?

हा माझा आवडता प्रश्न, थोडं लांबणार आहे.

त्या छोट्या जाड तिकिटांना एडमंडसन तिकीट म्हणतात, थॉमस एडमंडसन नावाच्या इंग्लंडमधल्या स्टेशन मास्तरने १८३० च्या दशकाच्या शेवटी ही पद्धत काढली, साधारण ५७ बाय ३० मिलिमीटर, आणि ती जगभर पसरली. प्रत्येकाला अनुक्रम नंबर, त्यामुळे किती विकली ते लगेच कळायचं. तारीख खिडकीवरच्या मशीनमध्ये तिकीट घालून खट्ट करून कडेला उठवायची. ही तारीख खूपदा वाचता येत नाही, तर अंधार करून टॉर्च तिकिटाच्या अगदी बाजूने आडवा धरा, दाबाच्या खाचांची सावली पडते आणि आकडे दिसतात. त्याच अवस्थेत फोटो काढून ठेवा.

तारीख नसेलच तर बाकीच्या खुणा बघा. भाडं आण्यांत असेल तर १ एप्रिल १९५७ च्या आधीचं, नये पैसे असेल तर तिथून १९६४ च्या मध्यापर्यंतचं, कारण १ जून १९६४ पासून "नये" गळलं. थर्ड क्लास लिहिलं असेल तर १९७४ च्या आधीचं, कारण त्या साली थर्ड क्लास बंद झाला. जी.आय.पी. किंवा बी.बी. अँड सी.आय. (या जुन्या रेल्वेंची नावं) असेल तर मूळ छपाई ५ नोव्हेंबर १९५१ च्या आधीची, त्या दिवशी सेंट्रल आणि वेस्टर्न रेल्वे झाल्या. व्ही.टी. चं सी.एस.टी. १९९६ ला झालं आणि त्यात "महाराज" २०१७ ला आलं.

सोलापूरवाल्यांची वेगळीच मजा आहे. सोलापूर डिव्हिजन २ ऑक्टोबर १९६६ ला साउथ सेंट्रलमध्ये गेलं आणि १९७७ च्या २ ऑक्टोबरला परत सेंट्रलमध्ये आलं. म्हणजे कुर्डुवाडीच्या एखाद्या माणसाच्या पासवर साउथ सेंट्रल छापलेलं असेल तर तो या ११ वर्षांतला. अण्णा कुर्डुवाडीतच होते, टेबल तेच, खुर्ची तीच, आणि रेल्वे दोनदा बदलली. त्यांच्या पासांचा गठ्ठा मी याच एका खुणेवरून तीन भागांत लावला.

पण एक सावधगिरी. सरकारी स्टेशनरी वाया घालवत नाहीत, जुन्या नावाचे फॉर्म शिक्का मारून वर्षानुवर्षं वापरायचे. आणि जी.आय.पी. कोरलेलं कुलूप किंवा घंटा तर रेल्वे बदलल्यावरही कित्येक वर्षं वापरात होती. म्हणजे बनली कधी आणि वापरली कधी या दोन वेगळ्या तारखा, दोन्ही लिहा.

पास फाटायला आलाय, लॅमिनेट करू का?

नाही. नाही. नाही. लॅमिनेशनमध्ये उष्णतेने प्लास्टिक कागदात चिकटतं, ते परत काढता येत नाही, आणि कागदातला आम्लपणा आतच कोंडून कागद आतल्या आत कुजतो. एका दुकानदाराने माझ्या आत्याच्या यजमानांचं अपॉइंटमेंट लेटर प्रेमाने लॅमिनेट करून दिलं, कोपऱ्यात हवा राहिली, तिथे आता तपकिरी डाग वाढतोय आणि आम्ही सगळे बाहेरून बघत बसलोय.

सेलोटेपही नको, काही वर्षांनी टेप गळून पडते आणि पिवळा चिकट पट्टा मागे राहतो. रबर बँड, टाचण्या, स्टेपल हळूच काढा (गंजलेली टाचणी ओढू नका, दोन्ही टोकं सरळ करून काढा). पॉलिएस्टरचे पारदर्शक स्लीव्ह मिळतात त्यात ठेवा, वास येणारं मऊ पीव्हीसी प्लास्टिक नको. ते मिळालं नाही तर आम्लविरहित कागदाचं पाकीट, आणि सुती नाडीने सैल बांधायचं.

अजून एक, गार्डची जर्नल, मेमो वगैरे कॉपिंग पेन्सिलने लिहिलेले असतात. ती अक्षरं करडी दिसतात पण पाण्याचा थेंब लागला की जांभळी होऊन फुटतात. ओलं कापड, ओला हात, काहीही नको. अण्णा पेन्सिलीचं टोक जिभेला लावून लिहायचे म्हणून त्यांची जीभ कायम जांभळी, आई ओरडायची.

हल्लीची छापील तिकिटं पण ठेवू का?

ठेवा, पण जे उष्णतेने छापलेले गुळगुळीत कागद असतात ते आपोआप पुसट होतात. आजच स्कॅन करा.

पावसाळ्यात काय करायचं? वाळवी, कसर?

पुस्तकात लिहिलेलं असतं की आर्द्रता ४५ ते ५५ टक्के आणि तापमान २० च्या आसपास. आपल्याकडे जुलैत कुठून आणणार? तर निदान चढउतार कमी ठेवा. माळा नको, स्लॅबखाली उन्हाळ्यात भट्टी होते. बाहेरची भिंत नको, बाथरूमला लागून असलेली भिंत तर नकोच. घराच्या मधल्या खोलीतल्या कपाटाचा मधला कप्पा, भिंतीपासून चार बोटं सोडून. सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि रंग बदलला की गरम करून वाळवून परत वापरा, लोक एकदा टाकतात आणि विसरतात, मग ती पुडीच ओली असते. डांबराच्या गोळ्या फोटो आणि प्लास्टिकजवळ नकोत, आणि बंद खोलीत माणसांनाही चांगल्या नाहीत. कडुलिंबाचा पाला घालायचाच असेल तर मलमलच्या पुरचुंडीत, मोकळा टाकला की कागदावर डाग.

कागदांत किंवा लोकरीत कसर दिसली तर एक उपाय बरा आहे: दोन प्लास्टिक पिशव्यांत घट्ट बंद करून डीप फ्रीजरमध्ये, उणे १८ किंवा त्याखाली, दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडायची नाही, नाहीतर दव आत धरतं. फोटोंना, काचेला, रंगवलेल्या लाकडाला हे करू नका. आणि घरच्यांना आधी सांगा, आमच्याकडे कोटाची पिशवी मटार समजून बाहेर काढली गेली होती.

ड्रेस, कोट, टोपी?

ड्रायक्लीन करू नका. इंजिनाच्या काजळीचा वास त्यात असेल तर तो राहू दे, तोच तर त्या माणसाचा आहे. ब्रशने वरची धूळ काढा, धुतलेल्या बिनरंगी मलमलमध्ये गुंडाळा, घड्यांत कापडाची वळकटी घाला म्हणजे घडी तुटत नाही. बटणं काढू नका, पण प्रत्येकाच्या मागेपुढे आम्लविरहित कागदाचा तुकडा ठेवा, नाहीतर पितळेचा हिरवा डाग कापडात उतरतो. खिसे तपासा! कोटाच्या आतल्या खिशात मला १९८३ ची रिझर्व्हेशन स्लिप आणि अर्धी सुपारी मिळाली. सुपारी फेकली नाही. डबीत आहे, माझ्या यादीत नंबर ४१.

घड्याळ चालू करून घेऊ का?

वेस्ट एंड वॉच कंपनीची घड्याळं रेल्वेच्या लोकांत खूप होती, काहींच्या पाठीवर रेल्वेची अक्षरं कोरलेली असतात. बंद असेल तर चावी जोर करून फिरवू नका, आतलं तेल गोंद झालेलं असतं. जुन्या घड्याळांचे काटे-आकडे जर अंधारात चमकणारे किंवा आता तपकिरी पडलेले असतील तर त्यात रेडियम असू शकतं, तेव्हा मागचं झाकण किंवा काच घरी उघडू नका, जाणकाराकडे द्या आणि आधी सांगून द्या.

फोटो अल्बमला चिकटलेत.

ओढू नका. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो दाताच्या दोऱ्याने, म्हणजे डेंटल फ्लॉसने, मागून हळूहळू सुटतात, जिथे अडेल तिथे थांबा. काचेला चिकटलेला फोटो तर फ्रेमसकट काचेवरूनच स्कॅन करा आणि तसाच ठेवा. फोटोमागे बॉलपेन नको, मऊ पेन्सिलने कडेला हलकं लिहा. ग्रुप फोटो असेल तर फोटोवर नावं लिहू नका, त्याची झेरॉक्स काढा आणि प्रत्येक डोक्यावर नंबर टाका, मग ती झेरॉक्स घेऊन म्हाताऱ्या काकांकडे जा. एकाला चार नावं आठवतात, दुसरा त्यातली दोन खोडतो, दोन्ही लिहून ठेवा.

निगेटिव्हच्या डबीतून व्हिनेगरसारखा वास येत असेल तर फिल्म सडायला लागली आहे, ती बाकीच्यांपासून वेगळी करा आणि लगेच स्कॅन करा.

स्टेशनचा पत्र्याचा बोर्ड, इंजिनाची प्लेट?

एनॅमलचा बोर्ड जिथे टवका उडालाय तिथून गंजतो, तिथे कोरड्या ब्रशने गंज काढून मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्सचा पातळ हात द्या. भिंतीवर लावायचा तर जुन्याच भोकांतून, नायलॉनचा वॉशर घालून. इंजिनाच्या बिल्डर प्लेटवर कारखान्याचं नाव, वर्क्स नंबर आणि साल असतं, त्यावरून इंजिन शोधता येतं. चित्तरंजन असेल तर १९५० किंवा नंतरचं, आणि वाफेचं असेल तर १९७२ पर्यंतचं. नॉर्थ ब्रिटिश, ग्लासगो असेल तर १९०३ ते १९६२ यांच्या मधलं. प्लेट रंगवलेली असेल तर रंग खरवडू नका, प्रत्येक थर हा शेडमधल्या कुणाचातरी हात आहे.

स्कॅन कसं करायचं?

तिकिटं आणि फोटो ६०० डीपीआय, साधे कागद ३०० पुरे. दोन्ही बाजू, कोरी असली तरी, कारण मागे पेन्सिलने काहीतरी लिहिलेलं असतंच. एक कॉपी टिफमध्ये, रोजच्या वापराला जेपीजी. फाइलचं नाव वस्तूच्या नंबराचं ठेवा, "नवीन स्कॅन फायनल २" असलं नको. तीन ठिकाणी ठेवा: घरी हार्ड डिस्क, एक क्लाउडवर, एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे.

किती किंमत येईल?

हा प्रश्न पहिल्या फोनमध्येच येतो तेव्हा मी थोडी गप्प होते, पण विचारणं चूक नाही, घर चालवायचं असतं. आकडा मी सांगत नाही. एवढंच सांगते की साफ केलेली, रंगवलेली, गोष्ट नसलेली वस्तू स्वस्तात जाते, आणि घेणारा तुमच्या दारात उभा राहून "हे तर खूप असतात हो" म्हणत असेल तर त्याला परत उद्या बोलवा. परदेशी पाठवायचा विचार असेल तर १९७२ चा पुराणवस्तू कायदा आहे, १०० वर्षांहून जुनी वस्तू आणि ऐतिहासिक महत्त्वाचे ७५ वर्षांहून जुने कागद खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत.

म्युझियम घेईल का?

कधीकधी. दिल्लीत चाणक्यपुरीला नॅशनल रेल म्युझियम आहे, १९७७ पासून. नागपूरला मोतीबागेत नॅरोगेजचं संग्रहालय आहे, आणि मुंबईत सीएसएमटीच्या इमारतीत हेरिटेज गॅलरी. नॅरोगेजची वस्तू मोतीबागेला जास्त शोभेल, म्हणजे कुठे काय द्यायचं हे वस्तू बघून ठरवा. आधी यादी आणि फोटो पाठवा, थेट पेटी घेऊन जाऊ नका. देताना लेखी द्या, पोच घ्या, आणि त्यात विचारून घ्या की मांडणार की गोदामात ठेवणार, नको झाली तर परत देणार का. एका ठिकाणी मी तोंडी बोलण्यावर दोन टाइमटेबलं देऊन आले, पुढच्या वर्षी विचारलं तर तिथल्या नव्या माणसाला काहीच माहीत नव्हतं. चूक माझी, पोच घेतली नव्हती.

म्युझियमला नको असलेल्या गोष्टी पण असतात, उदाहरणार्थ पगाराच्या स्लिपा. त्या तुम्ही ठेवा. १९६० च्या दशकात घर किती रुपयांत चालायचं हे त्यांच्याइतकं नीट दुसरं काही सांगत नाही.

भावंडांत वाटणी कशी करायची?

आधी नंबर टाकलेली एक यादी, सगळ्यांकडे तीच. मग कुठली वस्तू कोणाकडे गेली ते यादीत लिहायचं, भांडण झालं तरी यादीवर होत नाही. गठ्ठे फोडू नका, डायरी आणि तिची तिकिटं एकाकडेच. आमच्यात बत्ती माझ्याकडे, झेंड्या धाकट्याकडे, शिट्टी दादाकडे. दादाचा नातू परवा ती वाजवत घरभर फिरत होता, मी म्हटलं अरे ओठाने पितळ खराब होतं, तर आई आतून म्हणाली, वाजवू दे त्याला, दोन लांब वाजव म्हणावं. मी यादीत नंबर १७ समोर ती तारीख लिहिली.